गंधाराची जागा

साखर कारखान्याच्या उपकरण विभागातून निवृत्त झाल्यावर शिरीषला एक नाद लागला. घरच्या संगणकावरून गाणं जास्तीत जास्त चांगलं कसं ऐकू येईल, याच्या तो मागे लागला आणि त्यापायी संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम रोज थोडी थोडी सोलू लागला.

तेहतीस वर्षं त्याने दाबमापक आणि तापमापक यांच्या चुका शोधल्या होत्या. रस किती अंशांवर उकळतोय ते काट्याने खरं सांगावं, मध्ये कोणी स्वतःचं डोकं चालवू नये, एवढंच त्याचं म्हणणं असायचं. तेच तो आता गाण्याला लावत होता.

संगणक गाणं वाजवतो तेव्हा तो सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर आकडे एकामागून एक बाहेर पाठवत असतो. त्या आकड्यांप्रमाणे स्पीकरचा पडदा मागेपुढे हलतो आणि आपल्याला सूर ऐकू येतो. आकडे बरोबर असले आणि ठरल्या क्षणी पोचले की काम झालं. पण संगणकाला त्याच वेळी शंभर उद्योग असतात. टपाल आलंय का बघ, फोटो लावून ठेव, स्वतःचीच नवी आवृत्ती उतरवून घे. शिवाय वाटेत सगळ्या प्रोग्रामचे आवाज एकत्र मिसळणारा एक भाग बसलेला असतो. तो सगळे आवाज एका मापात आणतो आणि ते करताना गाण्याचे मूळ आकडेच बदलून टाकतो. शिरीष ही गर्दी हटवायचा. नको ती कामं बंद करायचा, त्या मिसळणाऱ्या भागाला वळसा घालायचा, प्रोसेसरचा एक अख्खा गाभा फक्त गाण्यासाठी राखून ठेवायचा.

खरा अडथळा मात्र वेगळाच होता. २०३३ नंतरच्या प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आवाजासाठी 'सुधारक' नावाचा एक थर असे. तो आलेला आवाज पुढे पाठवतच नसे. तो आवाज ऐके, हे काय असावं याचा अंदाज बांधे आणि त्या अंदाजावरून नवा, स्वच्छ आवाज तयार करून देई. खरखरणाऱ्या फोनवरचं बोलणं त्यामुळे समोर बसल्यासारखं ऐकू येई, म्हणून लोक खूश होते. जुन्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणांचं मात्र तो भलतंच काही करून ठेवी. तो थर काढून टाकायला शिरीषला चार महिने लागले होते.

या सगळ्या खटाटोपाची परीक्षा घ्यायला घरातच एक कान होता. त्याची बायको ज्योत्स्ना विश्रामबागेतल्या त्यांच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत गाणं शिकवायची. सांगली-मिरजेतली निदान तीन-चारशे मुलं तिच्या हाताखालून गेली होती. शिरीष तिला डोळे मिटून बसवायचा, एकच बंदिश दोनदा वाजवायचा आणि पहिली बरी की दुसरी ते विचारायचा. बहुतेक वेळा ती दोन्ही सारख्याच म्हणायची आणि भाजी चिरायला निघून जायची. एकदाच तिने दुसऱ्या वेळी तंबोरा जवळ आल्यासारखा वाटला असं सांगितलं होतं. त्या एका वाक्यावर शिरीषचा आठवडा आनंदात गेला होता.

मग तिचा कान गेला.

निमित्त तापाचं झालं. ताप आठ दिवसांत उतरला, पण आतल्या कानातल्या पेशींना इजा झाली होती. दोन-तीन महिन्यांत वरचे आवाज जवळजवळ गेले आणि खालचे भिंतीपलीकडून आल्यासारखे पुसट झाले. बोललेलं तिला कळेना. हॅम्बुर्गला असलेल्या मुलीचा, मुक्ताचा, रविवारी फोन आला की ती फोन शिरीषच्या हातात देऊ लागली.

कानाच्या डॉक्टर गार्गी आवटी यांनी तिला 'कर्णिका' बसवून दिली. चिंचोक्याएवढं यंत्र, पण आत एक पुरता संगणक. घरी आल्यावर ज्योत्स्नाने पहिल्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाईंचं जिन्यातलं पुटपुटणं ऐकलं आणि वर येऊन हसत शिरीषला सांगितलं. चार वर्षांच्या नातवाच्या बोबड्या गोष्टी तिला शब्दन् शब्द कळू लागल्या. मुक्ता फोनवर रडली. शिरीषलाही मोठं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

पहिली कुरकुर दोन महिन्यांनी सुरू झाली. तंबोरा मेलाय, असं ज्योत्स्ना म्हणाली. तार छेडली की क्षणभर सूर येतो आणि विझतो. जवारी, म्हणजे तारेखाली दोरा सरकवून आणलेला तो घुमत राहणारा झणकार, अजिबात येत नाही. शिरीषला तंबोरा नेहमीसारखाच वाटत होता, पण तिच्या कानापुढे आपल्या कानाची किंमत काय, असं समजून तो गप्प राहिला. दोघांनी तंबोरा रिक्षात घालून मिरजेला नेला.

अल्ताफभाई गेली चाळीस वर्षं तिचे तंबोरे लावून देत होते. त्यांनी तारांखालच्या घोडीवर बोट फिरवलं, दोरा किंचित पुढेमागे केला, चारही तारा छेडल्या आणि बराच वेळ ऐकत बसले. मग अवघडून म्हणाले, "ताई, जवारी खुली आहे. यापेक्षा चांगली मला येत नाही करायला."



त्यानंतर गोष्टी हळूहळू बिघडत गेल्या. शिकवणीत ती सूर लावायची आणि समोरच्या मुली एकमेकींकडे बघायच्या. तोडी शिकवताना तर फारच होई. तोडीचा गंधार नेहमीच्या कोमल गंधाराहूनही थोडा खाली असतो. पेटीच्या पट्टीत तो सापडत नाही, गळ्यानेच शोधावा लागतो. ज्योत्स्नाच्या शिकवण्याची ख्यातीच त्या गंधारासाठी होती, आणि नेमका तोच आता तिला सापडेना. लावला की तिला तो चढा ऐकू यायचा. ती खाली आणायची, तरी चढाच. आणखी खाली आणायची. मग मुली गोंधळायच्या.

सान्वी मगदूम तिची सगळ्यात तयार विद्यार्थिनी. सहा वर्षं शिकत होती, अकरावीला होती. एका मंगळवारी तोडी चालू असताना तिने मान खाली घातली आणि काहीच गाईना. ज्योत्स्नाने दोनदा विचारल्यावर ती म्हणाली, "ताई, तुम्ही शिकवलाय तो गंधार हा नाही."

ते तिने उद्धटपणे म्हटलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ज्योत्स्नाने तिला घरी जायला सांगितलं आणि त्याच आठवड्यात उरलेल्या मुलींच्या पालकांनाही निरोप पाठवले, की प्रकृतीमुळे क्लास बंद करत आहे. तंबोऱ्याला गवसणी चढली. कान गेला तेव्हा ती हादरली होती, पण गळा आपला आहे असा तिला धीर होता. आता गळाही गेला असं तिने मनाशी धरलं. ताप डोक्यात गेला असणार, सुराची जागाच मेंदूतून पुसली गेली असणार, असं तिने शिरीषला अगदी शांतपणे सांगितलं. त्याने त्या दिवसापासून स्वतःचं गाणं लावणंही बंद केलं.

असे पाच आठवडे गेले.

एका रविवारी सकाळी ज्योत्स्ना न्हाऊन गॅलरीत केस वाळवत उभी होती. न्हाताना कर्णिका काढून ठेवावी लागे आणि केस पुरते वाळल्याशिवाय ती परत घालायची नाही. शिरीष आत कपड्यांच्या घड्या घालत होता. बाहेरून गुणगुणणं ऐकू आलं. आपण गुणगुणतोय हे बहुधा तिलाही ठाऊक नसावं. तोडीच होती. सूर खालून सरकत वर आला, गंधारावर टेकला आणि तिथे थांबला.

शिरीष हातातला टॉवेल तसाच धरून उभा राहिला. तो गायक नव्हता, पण चाळीस वर्षं तो गंधार त्याने भिंतीपलीकडून ऐकला होता. हाच तो होता.

त्याने फोन घेतला आणि दाराआडून ती गुणगुणत होती तेवढं सगळं मुद्रित केलं. मग तो संगणकापाशी बसला. क्लास बंद व्हायच्या आधीची मुद्रणं तिथे होतीच. त्याने दोन्हींतला गंधार मोजला. कर्णिका घातलेली असताना ज्योत्स्नाचा गंधार जिथे हवा तिथून अर्ध्या सुराच्या जवळजवळ एक तृतीयांश खाली घसरला होता. कर्णिका नसताना तो केसभरही हलला नव्हता. ताप यायच्या आधीच्या मुद्रणांवर नेऊन ठेवला तर रेघ रेघेवर बसत होती.

काटा खोटा सांगत असेल तर भट्टीवरचा माणूस बिचारा आच कमीजास्त करत राहतो आणि रस जाळतो. शिरीषने हे कारखान्यात कितीदा तरी पाहिलं होतं. त्याने कर्णिकेची माहितीपुस्तिका उघडली आणि शेवटून तिसऱ्या पानावर त्याला हवं ते बारीक अक्षरांत सापडलं. आत तोच सुधारक होता. घरच्या संगणकातून त्याने चार महिने खपून जो उपटून काढला होता, तोच त्याच्या बायकोच्या कानात जाऊन बसला होता.

आता सगळं एकाला एक लागत गेलं. सुधारकाला माणसांचं बोलणं कळत असे. बोलणं सारखं बदलतं, म्हणून जे बदलत नाही ते त्याच्या लेखी पंख्याची घरघर किंवा मोटारीचा आवाज. तंबोरा एकसारखा घुमत राहतो, तेव्हा तो कचरा समजून पुसून टाकायचा. एकच सूर लांबवला की त्याला वाटायचं यंत्राचीच शिट्टी वाजतेय, आणि तो ती दाबायचा. राहिला गंधार. जगभरच्या ज्या संगीतावर सुधारकाला शिकवलं होतं, त्यातलं बहुतेक बारा ठरलेल्या पट्ट्यांचं होतं. मधला सूर आला की हा चुकलाय असं समजून तो त्याला जवळच्या पट्टीवर नेऊन बसवत असे. ज्योत्स्ना बरोबर गायची, यंत्र तिला चढं ऐकवायचं, आणि तिचा शहाणा गळा त्या खोट्या चुकीची दुरुस्ती करत खाली जायचा.

तो उठून गॅलरीत गेला. तिने कर्णिका घातलेली नव्हती, म्हणून त्याने कॅलेंडरच्या पाठीमागे मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. तिने वाचलं. परत वाचलं. मग आत येऊन पडद्यावरच्या आलेखातल्या एकमेकींवर बसलेल्या दोन रेघा बोटाने चाचपल्या.

"म्हणजे मी बिघडले नाहीये," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. अजून दमट केस पाठीवर मोकळे सोडून ती खुर्चीवर बसली. पाच आठवड्यांत तिचे खांदे इतके आखडले होते हे शिरीषला ते सैल झाल्यावर कळलं.

त्याला त्याच दिवशी यंत्र उघडायचं होतं. संगणकातला सुधारक काढला होता, तसाच इथलाही काढता येईल अशी त्याची खात्री होती. ज्योत्स्नाने साफ नकार दिला. कान तिचा होता आणि उरलेला थोडासाच होता. आधी गार्गीला विचारू, असं तिने ठरवलं. शिरीष चिडला. डॉक्टर कंपनीच्या बाजूनेच बोलणार, असं तो दोन दिवस म्हणत राहिला.

डॉक्टर गार्गी आवटींनी दोन्ही आलेख नीट पाहिले. प्रश्न फार विचारले नाहीत. आपल्याकडे या यंत्राचे दीडशे रुग्ण आहेत, सगळे समाधानी आहेत, पण त्यात गाणारं कोणी नाही आणि हा प्रश्न आजवर कोणी आणलाच नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. मोठ्या आवाजापासून कानाला वाचवणारी मर्यादा सुधारकाच्याच आत होती. तो थर काढला की फटाका, हॉर्न, पडलेलं भांडं, सगळं दसपट होऊन थेट आत जाणार. उरलेला कान एका दणक्यात जाऊ शकतो.

कंपनीची सामान्य परवानगी याला नव्हती, पण डॉक्टरांना रुग्णाच्या लेखी संमतीने यंत्र अभ्यास-अवस्थेत उघडता येत असे. त्यांनी अट घातली. त्यांच्याकडचं नमुन्याचं यंत्र शिरीषने घरी न्यावं, सोबत माणसाच्या कानासारखी घडवलेली मोजणीची डबी न्यावी आणि तिच्यावर सिद्ध करून दाखवावं. तोवर ज्योत्स्नाच्या कानाला हात लावायचा नाही.

शिरीषने सुधारक दोन दिवसांत काढला. मर्यादेसाठी स्वतःचा एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि स्वयंपाकघरात ओट्यावर डबी ठेवून स्टीलचं ताट हातभर उंचीवरून खाली टाकलं. मग पडद्यावरचा आकडा पाहिला. मर्यादा लागली होती, पण एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतकी उशिरा. तेवढ्यात ताटाचा पहिला फटका आत शिरून गेला होता. रविवारी त्याचं ऐकलं असतं, तर तो फटका ज्योत्स्नाच्या कानात गेला असता.

तो तिथेच पाटावर बसला. ज्योत्स्ना आवाज ऐकून आली होती. काय झालं ते त्याने तिला सांगितलं, आणि रविवारी तिने अडवलं ते बरं केलं असंही सांगितलं. तिने ताट उचलून मांडणीत ठेवलं आणि चहा टाकला.

पुढे नऊ दिवस तो त्यावर बसला. कर्णिकेची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम एका वेळी बारा-तेरा कामं करत होती. पावलं मोजणं, नाडी मोजणं, हवामान सांगणं, कंपनीला रोजचा अहवाल पाठवणं. गाण्यासाठी संगणकात जे केलं तेच त्याने इथे केलं. एकेक काम बंद केलं, आणि मोकळा झालेला सगळा वेळ मर्यादेच्या त्या एका कामाला दिला. ती आता सगळ्यांच्या आधी धावणार, तिच्यापुढे कोणी नाही. ताट, कुकरची शिट्टी, पितळी घंटा, मुद्रित केलेले फटाके. दहाव्या दिवशी त्याने ताट एकशेवीस वेळा टाकलं. आकडा एकदाही धोक्याच्या रेषेपलीकडे गेला नाही. खालच्या बाईंनी वर येऊन घरात सगळं ठीक आहे ना, अशी चौकशी केली.

आता दवाखान्यात वेगळाच पेच निघाला. डॉक्टरांनी सगळी मापं पुन्हा घेतली, समाधान व्यक्त केलं आणि मग ज्योत्स्नाकडे वळून, प्रत्येक वाक्य सावकाश उच्चारत, तिला समजावलं. सरळ आवाज आत गेला की सूर परत येतील. पण शब्द जातील, सगळे नाहीत तरी बरेच. सुधारक पुसट शब्द ओळखून भरून देत होता, ते आता कोणी भरणार नाही. शंभरातले ब्याण्णव शब्द कळताहेत, ते साठ-पासष्टवर येतील. आणि आज हे, उद्या ते, असं करता येणार नाही, कारण मेंदू दोन्हींपैकी एकाशीच जुळवून घेतो. निदान सहा महिने एकच काहीतरी धरावं लागेल.

शिरीषच्या मनात पहिला आला तो नातू. रविवारचा फोन. त्याच्या गोष्टी शब्दन् शब्द कळायला लागल्यापासून ज्योत्स्ना शनिवारीच उत्साहात असायची. आपण हा उद्योग काढलाच नसता तर बरं, असंही त्याला त्या क्षणी वाटून गेलं. त्याने तिला सांगितलं, की नको असेल तर राहू दे, इतकं खपलो म्हणून माझ्याकडे बघू नकोस.



"शब्द मी तोंडाकडे बघून ओळखीन," ज्योत्स्ना म्हणाली. "सूर कुणाच्या तोंडाकडे बघून ओळखू?"

तिने संमतीपत्रावर सही केली. डॉक्टरांनी नवी रचना यंत्रात भरली आणि ते तिच्या कानात बसवलं. ज्योत्स्नाने भिंतीवरच्या पंख्याकडे पाहिलं. मग वातानुकूलन यंत्राकडे. मग खिडकीकडे, जिथून रस्त्याचा एकसलग आवाज येत होता. दीड वर्षात तिने यातलं काही ऐकलं नव्हतं.

शिरीषने न राहवून कसं वाटतंय ते विचारलं. ती चमकून त्याच्याकडे वळली आणि त्याला पुन्हा बोलायला सांगितलं. तो पुन्हा तेच बोलला.

"तुझा आवाज म्हातारा झालाय," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. "मला वाटत होतं तू अजून पन्नाशीचाच आहेस. ते यंत्र तुझा आवाज धुऊन देत होतं."

डॉक्टर गार्गी हसल्या. शिरीषलाही हसू आलं.

घरी येऊन तिने हातपाय धुतले, तंबोऱ्याची गवसणी काढली आणि तारा जुळवल्या. शिरीष मागच्या खोलीत जाऊन बसला. तिला एकटीला ऐकायचं असेल असं त्याला वाटलं. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. झणकार उठला आणि थांबला नाही. वीस मिनिटं पुढच्या खोलीतून फक्त तंबोरा ऐकू येत होता. ती गात नव्हती, नुसती ऐकत होती. मग तिने आत येऊन सांगितलं की अल्ताफभाईंना फोन करायला हवा, त्या दिवशी ते फार कष्टी झाले होते. फोनवर बोलणं तिला जमणार नव्हतं, म्हणून शिरीषने फोन केला. अल्ताफभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आपण आठ दिवस स्वतःच्याच कानावर संशय घेत होतो, असं सांगून टाकलं.

पहिले काही आठवडे कठीण गेले. बाजारात ज्योत्स्ना गोंधळून जायची. दोन माणसं एकदम बोलली की तिला काहीच कळायचं नाही. चाळीस वर्षं दुसऱ्या खोलीतून ओरडून बोलणाऱ्या शिरीषला तिच्यासमोर येऊन, तोंड उजेडाकडे ठेवून बोलायची सवय लावून घ्यावी लागली. सुरुवातीला तो विसरायचा, मग चिडायचा, मग उठून यायचा. त्यामुळे घरातलं निरर्थक बोलणं पुष्कळ कमी झालं आणि उरलं ते समोरासमोर होऊ लागलं.

रविवारी मुक्ताचा फोन आला. तिला सगळं आधीच कळवलेलं होतं आणि तिने पडद्याखाली शब्द उमटतील अशी सोय केली होती. नातू समोर बसून जोरजोरात काहीतरी सांगत होता. ज्योत्स्ना खालचे शब्द वाचत होती, मग वाचायची थांबली आणि नुसती ऐकत राहिली. मुक्ताने काळजीने विचारलं, की कळतंय ना.

"अर्धं नाही कळलं," ज्योत्स्ना म्हणाली. "पण याचा आवाज घोगरा आहे गं, आजोबासारखा. तू मला कधी सांगितलं नाहीस."

मुक्ताला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. तिला वाटत होतं आईला ते ऐकू येतच असणार.

सव्वातीन महिन्यांनी डॉक्टर गार्गींनी तपासलं तेव्हा कळणारे शब्द शंभरात एक्काहत्तर झाले होते. मेंदू शिकत होता. त्यांनी शिरीषची रचना आणि ती मोजमापं आपल्या नावाने कंपनीला पाठवली होती. कंपनीने उत्तर द्यायला बराच वेळ घेतला, पण गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी असा सरळ पर्याय पुढच्या आवृत्तीत ठेवू, असं अखेर कळवलं. दरम्यान जयसिंगपूरहून कर्णिका घालणारे एक सनईवादक त्यांच्याकडे आले होते. सनई फुटलीय अशा समजुतीने त्यांनी ती तीनदा बदलली होती. त्यांना दवाखान्यात सरळ आवाज ऐकवला तेव्हा ते उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, असं डॉक्टर म्हणाल्या.

सान्वीला बोलावणं ज्योत्स्नाला जड गेलं. काय लिहावं ते तिला दोन दिवस ठरवता येईना. शेवटी तिने एवढंच लिहिलं, की तू बरोबर होतीस आणि ते बोललीस हे चांगलं केलंस. सान्वी बुधवारी सकाळी सात वाजता दारात उभी होती. सहा महिन्यांत तिने तोडीला हात लावला नव्हता, कारण तिची खात्री डळमळली होती. ताई चुकणं शक्य नाही, तेव्हा आपलाच कान वाईट असणार, असं तिने मनात घेतलं होतं. ते ऐकून ज्योत्स्नाने तिला जवळ बसवून घेतलं आणि काय घडलं होतं ते पहिल्यापासून सांगितलं. मग तंबोरा तिच्या हातात दिला.

शिरीषने स्वयंपाकघरात डाळ धुवायला घेतली होती. पुढच्या खोलीत सान्वीने षड्ज लावला, रिषभावर थांबली, आणि घाबरत घाबरत गंधारावर गेली.

"चढला," ज्योत्स्ना म्हणाली. "पुन्हा."

सान्वी पुन्हा गेली. या वेळी फार खाली. ज्योत्स्नाने स्वतः लावून दाखवला. तो आला तसा शिरीषचा डाळीतला हात थांबला, आणि मग पुन्हा फिरू लागला.

"पुन्हा," ज्योत्स्ना म्हणत होती. तिच्या आवाजात जराही दया नव्हती. शिरीषने डाळीतलं पाणी काढलं, कुकर लावला आणि पुढच्या खोलीत व्यत्यय नको म्हणून स्वयंपाकघराचं दार हलकेच ओढून घेतलं.